पासपोर्ट ठेवा, माणूस न्या

दोहामधल्या अल गराफाला कुणाच्या घरी आम्ही चार मराठी माणसं जमलो, की शाळेच्या ॲडमिशन आणि विमानाची तिकिटं हे विषय पहिल्या अर्ध्या तासात खलास! मग कुणीतरी म्हणतंच, "खैरनार, तुमचा एखादा जामीन काढा ना!"

मी वकील नाही हो. नाशिकचा साधा डिप्लोमावाला. वर्ल्ड कपच्या आधी सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं, त्या वर्षांत मी एका बांधकाम कंपनीच्या मेसईदच्या कामगार-कँपात ॲडमिन होतो. जिथे हजारभर माणसं राहतात तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच फोन करतात. माझे बहुतेक पोलीस स्टेशनातून यायचे!

*

माझे गुरू सालेहभाई. सुदानचे, साठीला टेकलेले, कंपनीची सगळी सरकारी कामं बघायचे. हिंदी आमच्याच कामगारांकडून शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन अरबी शब्द पाठ करायला लावले. जुन्हा म्हणजे छोटा गुन्हा: भांडण, शिवीगाळ. त्यात बहुतेकदा स्टेशनातच काम व्हायचं. कुणीतरी जामीन राहायचं, आपला पासपोर्ट तिथे ठेवायचा, माणूस घेऊन यायचा. जिनाया म्हणजे मोठा गुन्हा. मग प्रकरण नियाबात, म्हणजे सरकारी वकिलांच्या कचेरीत. ते म्हणतील ते.

आठवड्याभरात नांदेडच्या शिवाजी ड्रायव्हरने पिकअप मागे घेताना एका साहेबांच्या गाडीचा दिवा फोडला आणि वर त्यांच्याशीच हुज्जत घातली. मी रुबाबात कँपात फोन केला, "जिनाया आहे!"

होता जुन्हाच, माझी शब्दांत गल्लत झाली; दोन तासांत जामीन झाला. शिवाजीला घेऊन कँपात येतो, तर त्याचं सामान खोक्यात भरून बाहेर, आणि त्याच्या खाटेवर केरळचा एक सुतार घोरतोय!

शिवाजी माझ्याकडे वळला. "साहेब, मी सुटलो, पण खाट अडकली!"

*

जामीन राहिलं की केस संपेपर्यंत आपल्यालाही देश सोडता येत नाही, हे मला ठाऊक होतं. बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं. मेहुणीचं लग्न पंधरा दिवसांवर, आणि माझा पासपोर्ट स्टेशनात!

वैशाली म्हणाली, "ज्याच्यासाठी ठेवलात, त्याचं पूर्ण नाव तरी सांगा."

मला 'बबन'च्या पुढे येईना.

आमची मुलगी इंग्लिश मीडियमची. तिने विचारलं, "इज बाबा गोइंग टू जेल?"

"नाही गं," वैशाली म्हणाली, "बाबा घरीच आहेत. पासपोर्ट आत आहे."

बबनची केस लग्नाच्या आदल्या आठवड्यात मिटली. लग्नात वैशालीने साऱ्या वऱ्हाडाला हा प्रकार असा काही ऐकवला, की नवरदेवाकडे कुणी बघेना!

*

दत्तू साताऱ्याचा, आमच्या बसचा ड्रायव्हर. क्लिनिकच्या रांगेत उभा राहून तो बायकोशी फोनवर बोलत होता. रेंज जात-येत होती, म्हणून ओरडत होता, "कल्पना! अगं ए कल्पना!"

पुढे एक वयस्कर अरब गृहस्थ होते. अरबीत 'प' नाही. आणि 'कल्बना' म्हणजे 'आमचा कुत्रा'. मागून एक माणूस आपल्याला सात-आठ वेळा कुत्रा म्हणतोय! त्यांनी तडक तक्रार केली, अपमानाची.

मी आणि सालेहभाई स्टेशनात पोचलो तेव्हा दत्तू घामाघूम. "साहेब, आईशप्पथ, मी घरचंच बोलत होतो!"

मी फोन स्पीकरवर लावला. पोलीस अधिकारी आणि त्या गृहस्थांसमोर विचारलं, "वहिनी, तुमचं नाव काय?"

"कल्पना दत्तात्रय जाधव! आणि ह्यांनी फोन मध्येच का ठेवला?"

सालेहभाईंनी भाषांतर केलं. ते आजोबा इतके हसले, की डोळे पुसायला लागले. तक्रार मागे घेतली, जामिनाची गरजच उरली नाही. फोनजवळ वाकून ते म्हणाले, "मदाम कल्बना, सॉरी!"

पलीकडून वहिनी कडाडल्या, "कल्पना म्हणा, कल्पना!"

*

एका स्टेशनातल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट हातात घेतला आणि थबकला. "खैर... नार?" अरबीत खैर म्हणजे चांगलं आणि नार म्हणजे आग. मग त्याने जुने कागद चाळले. "या माणसाचे तुम्ही कोण? भाऊ. गेल्या वेळचा कोण? भाऊ. त्याच्या आधीचाही भाऊच. किती भाऊ आहेत तुम्हाला?"

"आत्ता हजारभर," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात अजून साठ येतायत, इन्शाल्ला!"

*

आणि काशिनाथ. बीडचा क्रेन ऑपरेटर, सगळ्या साइटवर सर्वांत सावकाश काम करणारा. एका सकाळी त्याच्या हुकातून पाइपांचा गठ्ठा निसटला आणि खाली उभ्या असलेल्या टेकबहादुरच्या पायावर आला. टेकबहादुर नेपाळचा, लोड बांधणारा. पाय दोन ठिकाणी मोडला. फोरमन म्हणाला, ऑपरेटरची चूक. स्टेशनाने हात वर केले, प्रकरण नियाबात गेलं. काशिनाथ नऊ दिवस आत.

काशिनाथला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तो रोजची नोंद मराठीत लिहायचा. ती वही घेऊन मी नियाबात उभा राहिलो. मी वाचायचो, सालेहभाई अरबीत सांगायचे. "सोमवार. हुकाची पट्टी तुटली. फोरमनला सांगितलं. म्हणाला, यल्ला यल्ला, आटप लवकर. मंगळवार. परत सांगितलं. यल्ला यल्ला. बुधवार. परत."

सरकारी वकिलांनी वही बंद केली. "जामीन कोण राहणार?"

मी पासपोर्ट पुढे केला. ते म्हणाले, "कंपनीच्या ऑफिसातला माणूस नको. कंपनीचीही चौकशी आहे."

मी पासपोर्ट परत खिशात घातला. तेवढ्यात दारात कुबड्यांचा आवाज आला. टेकबहादुर! मांडीपर्यंत प्लास्टर, एकटाच टॅक्सीने आलेला. त्याने खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"तू कोण?" वकिलांनी विचारलं.

"साहब, जिसके पैर पे गिरा, वो."

सालेहभाईंनी भाषांतर केलं. वकिलांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग टेकबहादुरकडे. "याने तुला जायबंदी केलं ना?"

"इसने नहीं, साहब. तीन दिन ये बोलता रहा, मैं बाजू में खड़ा था।"

वकिलांनी उठून आधी त्याला स्वतःची खुर्ची दिली, मग सही केली.

काशिनाथ बाहेर आला. टेकबहादुर त्याची वाटच बघत होता. समोर पंधरा-वीस पायऱ्या. काशिनाथने खाली बसून पाठ पुढे केली आणि गड्याला उचलून घेतलं. मागे कुबड्या घेऊन सालेहभाई.

पहिल्या पायरीवर टेकबहादुर त्याच्या कानाशी वाकला.

"ऑपरेटर साहब, लोड आराम से उतारना!"