कोमलच्या नावाची दुसरी खिडकी

कोमल एकाच वेळी दोन ठिकाणी दिसत होती. स्क्रीनवर एका खिडकीत वेणी घालून, वही पुढ्यात घेऊन बसलेली. दुसऱ्या खिडकीत नुसतं तिचं नाव. कॅमेरा बंद, आवाज बंद. बायोलॉजीच्या सरांनी शिकवता शिकवता मला मेसेज टाकला, "मॅडम, ही दुसरी कोण?"

श्रीरामपुरात नर्सिंग प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासच्या ऑनलाइन बॅचेस मी सांभाळते. मी शिकवत नाही. मुलींना लॉगिन देणं, वर्गात कोण आलं कोण गेलं ते बघणं, चॅटमध्ये कुणी वेडंवाकडं लिहिलं तर समज देणं, हे माझं काम. लॉगिन म्हणजे वर्गात शिरायचं नाव, म्हणजे आयडी, आणि पासवर्ड. ते ज्याचं त्यानंच वापरायचं.

एका नावाच्या दोन खिडक्या दिसल्या की पहिला संशय बाहेरच्या माणसाचा. वर्गात सगळ्या मुली, बहुतेकींचे कॅमेरे चालू. कुणीही गुपचूप बसून स्क्रीनशॉट, म्हणजे स्क्रीनचा फोटो, काढू शकतो. मी ती खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग कोमलचा पासवर्ड बदलून तिला नवीन कळवला. तरीही आली. म्हणजे चोरी नव्हती. पासवर्ड कोमलकडूनच जात होता.

मी आमच्या संचालक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आयडी बंद करा. नियम सगळ्यांना एकच." परीक्षा तोंडावर आली होती. आयडी गेला असता तर पोरीचं वर्ष गेलं असतं. आधी एक फोन करते म्हटलं. आजच करा, म्हणाले.

फोन कोमलच्या आईने उचलला. मी विचारलं तशी त्या घाबरल्याच. "पोरगी काय चुकली का मॅडम? ती तर घरातनं हालत न्हाई." मी कोमलला द्यायला सांगितलं. ती फोनवर आली. दुसरी खिडकी कुणाची, असं विचारल्यावर म्हणाली, "ती ताई हाय, मॅडम."

ताई म्हणजे वैशाली, तिची थोरली बहीण. बारावीनंतर तिचं लग्न झालं, आपल्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका गावात. तिलाही नर्सच व्हायचं होतं. फॉर्म भरायच्या आधी लग्नाची तारीख निघाली. घरी असताना दोघी एकाच पुस्तकावर वाकून अभ्यास करायच्या. आता कोमलला क्लास लावला हे कळल्यावर वैशालीने एवढंच मागितलं होतं, की मला नुसतं ऐकू दे.

"पासवर्ड द्यायचा नसतो हे मला माहीत होतं," कोमल म्हणाली. "पण ती आत आली की माझंच नाव दुसऱ्यांदा दिसतं. मला कळतं, ताई आली. मग मला करमतं."

संध्याकाळी वैशालीचाच फोन आला. घरात रेंज नसते, म्हणून ती गाईंमागं टेकाडावर जायची आणि नवऱ्याचा फोन घेऊन तिथंच वर्ग ऐकायची. स्वतःसाठी तिने काही मागितलं नाही. "तिचा आयडी बंद करू नका. मी परत न्हाई येणार."

मी तिला रागावले नाही, पण नियम समजावला. सख्ख्या बहिणीलाही पासवर्ड द्यायचा नाही. फोन हरवला, कुणाच्या हाती लागला, तर आपल्याबरोबर सगळ्या वर्गाचे चेहरे त्याच्या हाती जातात. तिने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "काल हृदयाच्या झडपांपर्यंत ऐकलं, मग रेंज गेली. पुढं काय सांगितलं सरांनी?"

पुढचं मलाही येत नव्हतं. मी विषय बदलला. फोन हातात धरून मान दुखत असेल, सावलीत दगडाला टेकवून ठेव, मधून मधून स्क्रीन सोडून लांब बघत जा, डोळ्यांना बरं असतं, असं मी प्रत्येक बॅचला सांगते ते तिलाही सांगितलं.

"लांब बघितलं की इथून धरण दिसतं, मॅडम," ती म्हणाली. "हेच पाणी पाटानं आमच्या माहेरच्या गावाला जातं."

मी दुसऱ्या दिवशी संचालक सरांकडे गेले. वैशालीला तिच्या नावाचा आयडी द्या म्हटलं. ते हसले. असं केलं तर उद्या प्रत्येक जण बहीण घेऊन येईल, म्हणाले.

"येऊ द्या सर. दुसऱ्याच्या नावानं बसण्यापेक्षा स्वतःच्या नावानं बसलेलं बरं."

त्यांनी थोडा विचार केला आणि अट घातली. तिने रीतसर फॉर्म भरायचा आणि घरी सांगायचं, लपूनछपून नको. वैशालीने नवऱ्याला सांगितलं. त्याचा मला फोन आला. त्याला वाटायचं, बायको टेकाडावर माहेरी बोलत बसते. फोन तिला देत जाईन, म्हणाला, पण भात लावणीच्या दिवसांत जमायचं नाही. निदान खरं तरी बोलला.

सोमवारी बायोलॉजीच्या सरांनी हजेरी घेतली. कोमलचं नाव एकदाच आलं. मग वैशालीचं. तिने माइक चालू केला आणि "हजर" म्हणाली. नंतर माइक बंद करायचा राहून गेला. वाऱ्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी गाय हंबरली. एरवी सर लगेच म्यूट करतात. त्या दिवशी नाही केलं. कोमल खिडकीत खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली.

कोमलला नगरला प्रवेश मिळाला. वैशाली परीक्षेला बसू शकली नाही. लावणी आली, मग सासूचं दुखणं. तिचा आयडी आम्ही चालू ठेवलाय. रेंज असेल तेव्हा ती रेकॉर्ड केलेले तास बघते. कधी सलग चार दिवस, कधी महिनाभर नाहीच. पुढच्या वर्षी बसणार, म्हणते. मी रोजच्या यादीत तिचं नाव शोधते.

आम्ही नवीन मुलींना सूचनांचा कागद देतो. त्यातली "पासवर्ड कुणालाही देऊ नये" ही ओळ तशीच आहे, ती राहायलाच हवी. तिच्याखाली मी एक ओळ वाढवून घेतली: "घरात आणखी कुणाला शिकायचं असेल, तर आम्हाला सांगा."