बेडूक पाडणारी माझी नात

मंडळी, आज सकाळी चेन्नईतल्या वेलचेरीच्या आमच्या घरात सगळ्यांची तोंडं पडली होती. माझी चार वर्षांची नात ईरा टॅबवर शिकण्याचा गेम खेळते. त्या गेमने सूनबाईला निकाल पाठवला, की मूल आकड्यांत कच्चं आहे, खास शिकवणी लावा!

मी म्हटलं, दाखव गं खेळून. पडद्यावर तीन आंबे आले. पोरीने पाच दाबलं. तळ्याकाठी बसलेला बेडूक धप्पकन पाण्यात पडला आणि ही खदाखदा हसली.

"अगं, आंबे किती?"

"तीन."

"मग पाच का दाबलंस?"

"तीन दाबलं की नुसती चांदणी येते आजी. बेडूक पडतच नाही!"

माझ्या मुलाला चहा पिताना ठसकाच लागला. चेन्नईजवळच्या आवडी गावात क्वार्टरमध्ये राहत असताना आमचा पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या सीडीतल्या गेममध्ये उत्तर चुकलं की माकड झाडावरून पडायचं. हा दिवसभर माकडच पाडायचा. आज बँकेत आकडेच सांभाळतो.

माकडाचा बेडूक झाला, सीडीचं ॲप झालं, एवढीच काय ती या गेमवाल्यांची प्रगती! इतक्या वर्षांत यांच्यातलं एकही शहाणं खेळणाऱ्या लेकराशेजारी बसलं नाही. आणि वर माझ्या नातीला कच्ची म्हणतात!

शिकवणी रद्द. दुपारी मीही खेळले, सगळे बेडूक पाडले. माझाही निकाल आला, कच्ची.

तुमच्या घरात कोण कच्चं ठरलंय? त्याच्या शेजारी बसून विचारलंत का एकदा?