स्टेटसला टाकलेली टाच
सातवीत शाळा सोडून मी गोंदियाहून नाशिकला आलो. चपलांच्या कारखान्यातल्या मालकीणताईंनी मला काम शिकवलं. मी काढलेल्या सँडलच्या टाचेचं डिझाइन कुणी नक्कल करू नये म्हणून त्या माझ्या नावासकट सरकारकडे नोंदवणार होत्या. सहीला अर्ज पुढे करत त्यांनी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं नाहीस ना? बाहेर आलेलं डिझाइन नोंदवता येत नाही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, आईनं बघावं म्हणून स्टेटसला टाकलं होतं."

"म्हणजे अख्ख्या गावानं पाहिलं!" त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं आपलं इथलं. पण त्यांनी कोरा कागद सरकवला. "दुसरी काढ. आणि आईला नुसतं फोनवर सांग."

पंधरा दिवस झाले. तितकी चांगली टाच पुन्हा हातून उतरत नाही, आणि ताई काही विचारतही नाहीत.