चौथ्या ग्लासातली थाप

मामांना खोटारडे म्हणणं अन्यायाचं होईल. खोटं बोलणाऱ्याला त्यातून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. मामांना काही नको असायचं. समोरच्याच्या भुवया जरा वर गेल्या, हातातलं काम थांबवून तो “मग?” म्हणाला, की मामांचं पोट भरलं. खरी गोष्ट हाती आली की ती त्यांना कायम तोकडी वाटायची. मग दोन बोटं इकडून, चार बोटं तिकडून कापड जोडून ते ती अंगासरशी करून घ्यायचे.

ही सवय दुकानातली. एकतीस वर्षं त्यांनी बुटांच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसून काढली होती. “हाच जोडा परवा एक सर्जन घेऊन गेले, बारा-बारा तास उभे असतात बिचारे,” असं म्हणत बूट चढवला की निम्मं काम झालेलं असायचं. सर्जन नुसता तोंडी लावायला, पण बूट मात्र खरोखर चांगला असायचा, त्यामुळे मामांना रात्री झोप छान लागायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा गुडघे कुरकुरत होते आणि सांगायला गोष्टी पुष्कळ होत्या, पण ऐकायला घरात कुणी नव्हतं. मग पंधरा दिवसांसाठी म्हणून ते थोरल्या बहिणीकडे, ताईकडे आले. त्याला आता चार वर्षं झाली होती.

ताईची द्राक्षबाग होती. नवऱ्याच्या मागं ती आणि तिची मुलगी मिळून बाग सांभाळत, घरच्याच तळघरात वाइन करत. ताई अबोल. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणार, त्यातली दहा “नको” किंवा “बघू”. भाऊ गोष्ट सांगायला लागला की ती उठून कामाला लागायची. पण भाची हुशार होती. मामांच्या जिभेला काम दिलं नाही तर ती आपल्यालाच कामाला लावील, हे ओळखून तिनं अवजारांची जुनी खोली रिकामी केली, चुना दिला, लांब टेबल आणि आठ स्टुलं मांडली आणि मामांना तिथं उभं केलं. शनिवार-रविवार पाहुणे येत. मामा त्यांना पाच वाइन चाखवत. ग्लास दांडीला कसा धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग कसा बघायचा, आधी नाकानं आणि मग जिभेनं कसं ओळखायचं, हे सगळं ते सहा महिन्यांत शिकले. बाकीचं त्यांच्याकडे होतंच. टेबलामागच्या भिंतीत एक झरोका होता आणि पलीकडे मोरी. तिथं ताई ग्लास धुवायची, नुसत्या कढत पाण्यानं. साबणाचा वास ग्लासाला राहतो म्हणून हे काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

ज्या शनिवारची ही गोष्ट, त्या दिवशी भाचीनं मामांना सकाळीच अंगणात गाठलं.

“मामा, आज त्या बाई येणार आहेत. तपासनीस.”

“माहीत आहे की. नवा शर्ट घातलाय.”

“शर्टाचं नाही हो. आज तिखटमीठ नको. जे आहे तेवढंच सांगायचं.”

“मी कधी—”

“मामा.”

“बरं,” मामा म्हणाले.

भाचीचा जीव टांगणीला लागला होता, आणि कारणही तसंच होतं. बाग सेंद्रिय करायची म्हणजे एका दिवसात पाटी बदलता येत नाही. तीन वर्षं एकही रासायनिक औषध न मारता बाग राखायची, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची, आणि मग बाटलीवर ‘सेंद्रिय’ हा एक शब्द छापायची परवानगी मिळते. ती तीन वर्षं आज संपत होती. कुठं काही चुकलेलं सापडलं तर मोजणी परत पहिल्या दिवसापासून. ताईनं सत्तरी गाठली होती. आणखी तीन वर्षं तिच्यानं खुरपं धरवेल का, हे भाचीनं विचारलं नव्हतं आणि ताईनं सांगितलं नव्हतं.

तपासनीस बाई नऊलाच आल्या. स्वतःचे गमबूट पिशवीतून काढून घातले आणि तास-दीड तास बाग पायाखाली घातली. माती हातात घेऊन पाहिली, पानं उलटी करून पाहिली. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आल्यावर म्हणाल्या, “नोंदी काढून ठेवा. तोवर मी चाखायच्या खोलीत बसते. तुम्ही लोकांना काय सांगता, तेही मला बघावं लागतं.”

भाचीनं मामांकडे पाहिलं. मामांनी नव्या शर्टाची कॉलर सारखी केली.

टेबलाशी सहा पाहुणे होते. एक नवं जोडपं, एकाच ऑफिसातल्या तीन मैत्रिणी आणि एक निवृत्त डॉक्टर. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर वही उघडून बसल्या. मामांनी पहिली पांढरी वाइन ओतली आणि दिल्या शब्दाला जागून सांगितलं, की ही उताराच्या वरच्या बाजूची, हिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो. बस्स. दुसरी ओतली आणि सांगितलं, ही खालच्या बाजूची, जरा गोडसर. तिसरीच्या वेळी तर त्यांनी नुसता रंग दाखवला. डॉक्टरांनी जांभई दाबली. नवी नवरी फोनमध्ये डोकावली. तीन मैत्रिणींची आपापसात ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीवर कुजबुज सुरू झाली. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर गिऱ्हाइकानं जांभई दिली नव्हती.

चौथी वाइन लाल. बागेतली सगळ्यात चांगली, ताईची आवडती. मामांनी ती ओतली तेव्हा नवरदेवानं सहज विचारलं, “हिच्यात काय विशेष?”

आणि मामा घसरले.

“विशेष?” ते आवाज खाली आणून म्हणाले. “ही कुठली आहे माहीत आहे? कुंपणालगतच्या ओळींची. कुंपणापलीकडे शेजारी औषध मारतो. त्याचा वारा येतो तो थेट ह्याच वेलींच्या तोंडावर. बाकीच्या वेली लाडात वाढल्या, ह्या मात्र रोज भांडून जगल्या. ते भांडण उतरलंय ह्या ग्लासात. घोट घ्या आणि सांगा, जिभेला जो हिसका बसतो तो कशाचा?”

फोन खाली ठेवला गेला. मैत्रिणी गप्प झाल्या. डॉक्टरांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि “आहे बुवा हिसका” म्हणाले. मामांना अगदी घरी आल्यासारखं वाटलं. मग त्यांना कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

“कुंपणालगतच्या ओळींची द्राक्षं ह्या बाटलीत आहेत?” बाईंनी विचारलं.

नियम मामांना ठाऊक नव्हता असं नाही. शेजाऱ्याचं औषध वाऱ्यानं येतं, म्हणून कुंपणालगतच्या दोन ओळींची द्राक्षं सेंद्रिय बाटलीत जाता कामा नयेत. गेली तर सगळं मुसळ केरात. दारात भाची नोंदींचा गठ्ठा घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मामांच्या डोक्यात एका क्षणात तीन गोष्टी तयार झाल्या. तिन्ही चांगल्या होत्या, दुसरी तर फारच. भाचीकडे पाहून त्यांनी तिन्ही सोडून दिल्या.

“नाही,” ते म्हणाले. “थाप मारली मी.”

“का?”

“डॉक्टरांनी जांभई दिली म्हणून.”

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, “मग खरं काय ते सांगा. मी लिहून घेते.”

मामांनी टेबलाची कड धरली. नुसतं खरं सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची हेच त्यांना कळेना.

“कुंपणालगत दोन ओळी आहेत,” ते म्हणाले. “त्यांची तोडणी माझी बहीण करते. एकटी. इतर तोडणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, म्हणजे चुकून कुणाचा हात फिरायला नको. ते घड निळ्या क्रेटमध्ये. बाकीचे पिवळ्या. संध्याकाळी ती कात्री कढत पाण्यात धुते, अंगावरचा एप्रन बदलते. त्या द्राक्षांचं व्हिनेगर होतं. पीप वेगळं आहे, गोठ्याच्या बाजूला. ती चांगली द्राक्षं आहेत हो. खाऊन बघा, काही फरक कळत नाही. पण ती म्हणते, मला कळत नाही म्हणजे नाही असं नाही.”

पुढचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“दुसऱ्या वर्षी भुरी आली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखा रोग असतो तो. गंधक मारायची परवानगी असते, ते मारून झालं. तरी रोज एकेक ओळ जात होती. शेजारी बिचारा भला माणूस. त्यानं औषधाचा दहा लिटरचा कॅन आणून दिला. म्हणाला, एक हात मारा, कोण बघतंय. तेव्हा मीही हिला म्हटलं, ताई, मार एक हात. बाग राहिली तर बाटलीवरचा तो शब्द. हे मीच म्हटलं. ती नको म्हणाली. मी चिडलो. पोरीचं नुकसान करतेस, म्हातारपणी कसला हट्ट धरलायस, वाट्टेल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि कॅन उचलून शेजाऱ्याच्या फाटकाशी परत ठेवून आली. निम्मी बाग गेली त्या वर्षी. जी निम्मी राहिली, तिची ही वाइन.”

तीन मैत्रिणींपैकी एकीनं ग्लास उचलला, पण प्यायली नाही, नुसता हातात धरून बसली. मामांच्या मनात आलं, की ह्यात जांभई न येण्यासारखं काय होतं, एका म्हातारीनं कात्री धुतली एवढंच तर होतं. त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. इतके दिवस तिच्या वाइनला ते उसन्या गोष्टींचे कपडे चढवत होते.

बाई भाचीला घेऊन निळे क्रेट आणि व्हिनेगरचं पीप बघायला गेल्या. अर्धा तास लागला. मामांनी त्या अर्ध्या तासात पाचवी बाटली उघडली नाही, आणि पाहुण्यांनीही मागितली नाही. परत आल्यावर बाईंनी टेबलाशी बसून एक पानभर लिहिलं आणि वाचून दाखवलं. चौथ्या वाइनबद्दल पाहुण्यांसमोर केलेलं विधान असत्य होतं. कुंपणालगतच्या ओळींचा माल वेगळा ठेवल्याचं नोंदींवरून आणि प्रत्यक्ष पाहून पटलं. दुसऱ्या वर्षी मिळालेलं औषध मालकीणबाईंनी स्वतः परत नेऊन दिलं. बागेला परवानगी द्यावी अशी शिफारस.

“खाली मालकीणबाईंची सही लागेल,” त्या म्हणाल्या. “मग माझं काम संपलं.”

भाचीनं सुटकेचा श्वास सोडला आणि झरोक्यातून हाक मारली. ताई हात पुसत आली. तिनं चष्मा लावला, पान सावकाश वाचलं, पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

“ह्यावर मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“आई,” भाची म्हणाली.

“चुकीचं आहे ते.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काय चुकीचं आहे? सही नसेल तर हे प्रकरण मला उघडं ठेवावं लागेल.”

“ठेवा,” ताई म्हणाली. “कॅन मी परत नेला नाही. मी नुसती नको म्हणाले आणि आत गेले. माझ्यानं उचलवतसुद्धा नव्हता तो.” तिनं मामांकडे बोट केलं. “ह्यानं नेला. भर दुपारी. वाटेत तीनदा बसला, मी खिडकीतून बघत होते. शेजारी म्हणाला, असू दे, ठेवून जा, कुणाला कळतंय. तर हा त्याला म्हणाला, ताई नको म्हणालीय. एवढंच. शेजाऱ्यानंच सांगितलं मला नंतर.”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा नव्या शर्टाचं बटण चाचपत होते. एवढा वेळ त्यांच्याकडे कुणी पाहत राहिलं आणि त्यांना ते नको झालं, असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

बाईंनी एक ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि पान पुढं सरकवलं. ताईनं पेन उचललं, पण सही करायच्या आधी भावाला विचारलं, “गुडघा सुजला होता तुझा. दोन दिवस शेक दिला मी. विसरलास होय रे?”

“विसरलो नव्हतो.”

“मग इतक्या लोकांना इतक्या गोष्टी सांगतोस. ही कधी सांगितली नाहीस ती?”

मामांनी जरा विचार केला.

“त्यात सांगण्यासारखं काय होतं?” ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं सही केली, स्टूल ओढलं आणि पाहुण्यांच्या रांगेत टेबलाशी बसली.