भरल्या पोटाची शेरी

चाचा मासळीच्या पोटावरून अंगठा फिरवत आणि सांगत, "हिला दिवस गेलेत." सांगताना आवाज हळू करत, जणू बाई शेजारीच उभी आहे. आम्ही आखाती देशातल्या अल कुसैसचे मराठी लोक हसायचो, पण पोट फाडल्यावर आत अंड्यांनी भरलेली गाभोळी निघायचीच.

चाचा रत्नागिरीकडचे. आमच्या मासळी बाजारात वीस वर्षं मासे साफ करायच्या ओट्यावर उभे. मासे कुणाकडूनही घ्या, कापून घ्यायला लोक त्यांच्याच रांगेत थांबत. गाभोळीची पिशवी ते अशी काढत की पडद्याला ओरखडाही येत नसे. पहिल्यांदा ती पिवळ्या दोऱ्यासारखी असते, मग फुगून केशरी होते, आणि शेवटी दाणे पाणी पिऊन काचेसारखे दिसू लागतात, हे मला त्यांनीच दाखवलं. "पाणी चढलं की आज-उद्या मोकळी होणार," ते म्हणायचे.

त्यांचे दोन हट्ट होते. शेरी हा इथला आवडता मासा. तो हाताच्या वितीत मावला तर ते सुरी खाली ठेवत. "हिनं अजून एकदापण अंडी घातली नाय. कशी कापू?" गिऱ्हाईक चिडलं तर, "हबीबी, दुसरा ओटा आहे ना," म्हणत पुढच्याला हाक मारत. दुसरा हट्ट मार्च-एप्रिलचा. तेव्हा शेरी अंडी घालते म्हणून ती पकडायला आणि विकायला बंदी असते. चोरून आणलेल्या शेरीला चाचा हात लावत नसत. कापून देणारे होते, म्हणून आणणारे आणत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मेलेल्या माशाचं एवढं काय, असं मी एकदा बोललो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या मार्चमध्ये ऑफिसातल्या एकाने खोर फक्कानच्या किनाऱ्यावर गळ टाकून दोन टम्म शेरी आणल्या आणि मला दिल्या. घरी मित्रांची पार्टी होती. गाभोळी खिलवतो, अशी बढाई मी आधीच मारून बसलो होतो. घरी कापायला गेलो असतो तर तिचा चिखल झाला असता. मी बर्फाचा डबा घेऊन चाचांकडे गेलो.

त्यांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "साहेब, खलास. आता नाय."

मी म्हणालो, "आई आलीय माझी. आजारी आहे. काही खात नाही, गाभोळीच मागतेय."

आई ठाण्यात होती, ठणठणीत. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज कसं निघालं, मला आजही कळत नाही. चाचांनी डब्याचं झाकण पुन्हा उघडलं, मग हात धुतले आणि सुरी घेतली.

पहिली पिशवी अलगद बाहेर आली, तेवढ्यात तपासणीवाला समोर येऊन उभा राहिला. मासे कुणाचे, त्याने विचारलं. मी दोन हातांवर होतो. चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पता नहीं साब, कोई रख के गया." मी मोबाईल कानाला लावला आणि बोलत असल्यासारखा चालत पार्किंगपर्यंत आलो. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

आठवड्याभरात ओट्याच्या ठेकेदाराने त्या शेरीपायी त्यांना कामावरून काढून गावी पाठवलं. मला ते बाजारात कळलं. पार्टीच्या रात्री मित्रांना मी चिकन खाऊ घातलं होतं आणि सगळ्यांनी बोटं चाटली होती.

महिन्याने त्यांचा नंबर मिळवून फोन केला. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, दोनदा मनात घोकलंही होतं. माझा आवाज ओळखताच त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"मग झालं. इतकी वर्षं नेम कधी मोडला नाय, पण आईसाठी मोडला. त्याचं मला काय वाटत नाय, साहेब."

खरं सांगितलं तर त्यांच्याकडे उरलेलं तेवढं समाधानही जाईल, म्हणून मी गप्प राहिलो. निदान मी स्वतःला असं सांगतो. खरी गोष्ट एवढीच, की फोनवरही मी घाबरलो.