बर्फात नेलेली नळी

कटकट मॅडमबद्दल मला खरं तर फारसं माहीत नाही. घर कुठे, घरात कोण, काही नाही. अकरा वर्षं मी दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या नेऊन त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत दिल्या, एवढीच ओळख. लिहिण्याची मला सवयही नाही.

एचआयव्ही झालेल्यांच्या रक्तातल्या रक्षक पेशी मोजणं हे त्यांचं काम. आणि चिडणं. माझ्या धाकट्या भावालाही तोच आजार; त्याच्या या पेशींचा आकडा सहाशेवर गेला, तशा त्याने गोळ्याच सोडल्या. सहा महिने मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, "दादा, पहारा भरलाय आता." मी कपाळावर हात मारला आणि मॅडमना सांगितलं.

त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "काका, पेशीच्या अंगावर खुंट्या असतात असं समजा. त्यातलीच एक धरून हा विषाणू आत शिरतो. ज्या पेशी वाचतात, त्यांच्या अंगावर 'गप्प बसा' म्हणणाऱ्या खुंट्या वाढतात. पहारेकरी दारात आहे, पण पेंगतोय. नुसती डोकी मोजून खूश काय होता? आणि गोळ्या सोडल्यावर तीही उरत नाहीत. रक्त आणा त्याचं. आकडाच दाखवते."

भाऊ सुईला घाबरतो. आठवडाभर मिनतवाऱ्या करून त्याला दवाखान्यात बसवलं. ऊन मी म्हणत होतं. सख्ख्या भावाचं रक्त, म्हणून मी नळी बर्फात ठेवून नेली. अकरा वर्षांत कधी केला नव्हता तो शहाणपणा नेमका त्या दिवशी.

मॅडमनी नळीला बोट लावलं आणि डोळे मिटले. "गारठ्याने या पेशी बिघडतात, हे नव्या लोकांना कोण सांगतं, काका?"

"मीच."

"मग आता भावालाही तुम्हीच सांगा."

भाऊ मला वाट्टेल ते बोलत पुन्हा सुईसमोर बसला. आकडा निघाला दोनशे ऐंशी. कागद बघून तो तिथूनच गोळ्या घेऊन घरी गेला. मॅडमना कळवलं तर म्हणाल्या, "उपकार केले."

त्यानंतर मात्र त्यांनी रोज एकच प्रश्न विचारून मला वैताग आणला. एका सोमवारी खिडकीत दुसरीच बाई होती. मॅडम आदल्या रात्री वारल्या, म्हणाली. शनिवारी मी नेहमीसारखा नळ्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला होता.

"बर्फ नाही ना?"

"नाही हो, मॅडम."

"झाकण लावा नीट."