पोलिसांची जीप पेशंटच्या दारात

जळगाव जामोदला माझं मेडिकल स्टोअर आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक नुसतं औषध घेऊन जात नाही, जाताना काउंटरवर एखादा किस्सा ठेवून जातं. असा माल माझ्याकडे पुष्कळ साठलाय, आणि त्याला एक्स्पायरी डेटही नाही! पण अलीकडे जेवढा नवा माल आला, तो सगळा एकाच गाडीतून आला. पोलिसांनी आमच्या मंडळाला दान दिलेली जुनी जीप!

मंडळ म्हणजे काय, चार डोकी. मी, रिटायर झालेल्या वानखडे सिस्टर, गॅरेजवाले सलीमभाई आणि ड्रायव्हर नामदेवभाऊ इंगळे. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांवरून पेशंटला फुकटात दवाखान्यात आणायचं, एवढंच आमचं काम. नामदेवभाऊ पोलीस खात्यातच ड्रायव्हर होते, आणि हीच जीप त्यांनी अर्धी नोकरी चालवलेली. जीप बाद झाली, त्याच सुमारास तेही रिटायर झाले. सिस्टर म्हणतात, "खात्यानं गाडी ड्रायव्हरसकट दान केली!"

आमची आधीची व्हॅन कायमची बसली, तेव्हा एका वाडीवरची अडलेली बाई कापसाच्या ट्रॅक्टरवर टाकून आणावी लागली होती. ती वाचली, बाळ गेलं. म्हणून जीप मिळाली तेव्हा आम्ही हरखून गेलो. एकच गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. पोलिसांच्या गाडीत आपण होऊन बसणार कोण?

*

जीप द्यायचा सोहळा झाला. मंडप, शाल, नारळ, फोटोग्राफर, सगळं काही. ठाण्याच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, "गाडी जुनी असली तरी एकदम फिट आहे. हिनं भल्याभल्यांचा पाठलाग केलाय!"

टाळ्या झाल्या. किल्ली सिस्टरांच्या हातात आली, त्यांनी ती नामदेवभाऊंना दिली. नामदेवभाऊंनी स्टार्टर मारला. जीप नुसती खोकली. पुन्हा मारला, पुन्हा खोकली. शेवटी बंदोबस्ताला आलेले शिपाई टोप्या सावरत धक्का मारायला लागले, आणि फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

साहेबांचा चेहरा उतरला. "इंगळे, काय हे? तुम्ही तर वर्षानुवर्षं चालवली ना ही?"

"चालवली ना साहेब," नामदेवभाऊ म्हणाले, "पन मी नेहमी उतारावर लावत होतो. तुम्ही मंडप सपाटीवर टाकला!"

*

पहिलीच फेरी एका मोठ्या गावात. मोफत बीपी-शुगर तपासणी, दवंडीसुद्धा देऊन झालेली. जीप वेशीतून आत शिरली आणि दोन मिनिटांत गावातले सगळे बाप्ये गायब! पारावर पत्ते तसेच पडलेले, चपलांचा ढीग, आणि एक पेटती बिडी. माणूस एकही नाही.

नाही म्हणायला एक गडी होता. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, त्यामुळे जागचा हलू शकला नव्हता. सिस्टर बीपीचं मशीन घेऊन प्रेमानं त्याच्याजवळ गेल्या. त्यानं दोन्ही हात जोडले.

"मॅडम, आईची आन! मी पत्ते खेयत नोतो. मी त फक्त पाहून राह्यलो होतो!"

त्याचं बीपी जे निघालं, ते पाहून सिस्टर म्हणाल्या की हे मशीन बिघडलं असावं.

*

मग आम्ही जीप रंगवायला काढली. सलीमभाईंनी स्वतःच्या हातानं पांढरा रंग मारला, वर लाल अक्षरांत 'रुग्णसेवा' लिहिलं. काम झकास झालं. पण दुपारचं ऊन पडलं की पांढऱ्या रंगाखालून 'पोलीस' हळूच वर यायचं. मी तक्रार केली, तर सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मी काय करू भाऊ? सरकारी रंग हाय. इतक्या लवकर निंघते काय?"

त्याच दिवसांतली गोष्ट. आम्ही परत येत होतो, पुढे एका मोटरसायकलवर तीन पोरं. एकानं मागं वळून पाहिलं. गाडी बंद! तिघंही खाली उतरले, आणि मोटरसायकल ढकलत चालायला लागले. रस्ता खड्ड्यांचा, आमची जीपही त्यांच्या मागं बैलगाडीच्या चालीनं. बरंच अंतर अशी आमची वरात चालली. शेवटी सिस्टरांना दया आली. खिडकीतून डोकं काढून त्यांनी विचारलं, "काऊन रे बाबू, पेट्रोल संपलं काय?"

"नाई मॅडम," घामाघूम झालेला मधला म्हणाला, "डॉक्टरनं आमाले पायी फिराले सांगतलं!"

"तिघाइलेही?"

"हाव. फॅमिली डॉक्टर हाय."

*

हसण्यावारी न्यायला ठीक आहे, पण बिनपेशंटची जीप परत येताना पाहिली की माझा जीव खाली-वर व्हायचा. खेड्यात पोलिसांची गाडी दारात थांबली की ते घर गावात बातमी होतं. आजार परवडतो, बातमी परवडत नाही! ताप अंगावर काढतील, छातीत दुखतंय ते पित्तावर ढकलतील, पण या गाडीत चढायचे नाहीत.

एक भिकाजी आजोबा होते. धाप लागलेली, ओठ निळसर पडलेले, आणि तशाही स्थितीत खाटेला घट्ट धरून बसलेले. "माह्या सात पिढ्यांत त्या गाडीत कोनी बसलं नाई. मी मरीन, पन बसनार नाई!"

सिस्टरांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी नामदेवभाऊंनी तोड काढली. "आजोबा, मांगं आरोपी बसते. पुढं साहेब बसते. तुम्ही पुढं बसा."

आजोबा विचारात पडले. मग म्हणाले, "फेटा द्या."

फेटा बांधून आजोबा पुढच्या सीटवर बसले. तरी आजीच्या मनाला चैन पडेना. मागच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून, गावातून जाईपर्यंत ती माउली ओरडत होती, "आमी आपल्या मनानं चाल्लो बरं! धरून नाई नेऊन राह्यले!"

गावाच्या शेवटच्या घरातून एक शेजारी धावत आला. आजीला म्हणाला, "काकू, तुम्ही काई कायजी करू नका. मलकापूरचा एक वकील माह्या वयखीचा हाय!"

*

आणि आता हा शेवटचा किस्सा. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या वेळी आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नामदेवभाऊ रिटायर झाले ते मनात एक सल घेऊन. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या तालुक्यात नोकरीला असताना, दारू गाळणाऱ्या एकाला या जीपमध्ये मागं बसवून ते ठाण्यात चालले होते. भर आठवडी बाजारात गर्दीमुळे जीप थांबत थांबत गेली. ठाण्यात पोचून पाहतात, तर मागं कोणीच नाही! दार सताड उघडं. खात्यानं चौकशी केली आणि ठपका ठेवला, की ड्रायव्हरनं दाराची कडी नीट लावली नाही. पगारवाढ रोखली. नामदेवभाऊ तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलेत, "मी कडी लावली होती!" साहेबांनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही नुसती मान हलवायचो. बायकोसुद्धा घरातून निघताना विचारायची, "कडी लावली ना?"

तर त्या दिवशी सकाळी पायथ्याच्या एका वाडीवरून फोन आला. रेखा नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण. मला त्या ट्रॅक्टरवरच्या बाईची आठवण झाली. दुकान तसंच टाकून मीही जीपमध्ये बसलो. वाटेत एकच धास्ती, ऐनवेळी घरचे बसायला नाही म्हणाले तर?

पण झालं उलटंच. रेखाचा सासरा, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला म्हातारा, कोणी काही म्हणायच्या आत मागचं दार उघडून आत चढला. सुनेला अलगद वर घेतलं, सिस्टरांना जागा करून दिली, आणि स्वतः कोपऱ्यात अंग चोरून बसला. इतक्या बिनतक्रार या जीपमध्ये बसणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं!

नामदेवभाऊंनी जीप अशी हाणली की विचारू नका. दवाखान्याच्या दारात ब्रेक लागला. नामदेवभाऊ पळत मागं आले, दार ओढलं. उघडेना! रस्त्याच्या हादऱ्यांनी कडी अडकून बसलेली. त्यांनी जोर लावला, तर मूठच उपटून हातात आली. आतल्या बाजूनं उघडायची सोय पोलिसांच्या गाडीत नसतेच, आणि ती करून घ्यायचं आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आत रेखा किंचाळतेय, सिस्टर ओरडतायत, "डोकं दिसून राह्यलं! उघडा ना लवकर!" बाहेर स्ट्रेचर घेऊन वॉर्डबॉय उभा.

तेवढ्यात आतून सासऱ्याचा शांत आवाज आला. "सिस्टर, जरासक सरका."

काचेतून मला दिसलं. म्हाताऱ्यानं दाराच्या खालच्या कोपऱ्यात टाच रोवली, खांद्यानं वरचा पत्रा दाबला, फटीत दोन बोटं घातली आणि काहीतरी वर उचललं. खट! दार सताड उघडं. एवढ्या वेळात माणसाची शिंकही होत नाही.

नामदेवभाऊ उपटलेली मूठ हातात धरून तसेच उभे. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. म्हाताऱ्याचा दुपट्टा धडपडीत तोंडावरून खाली सरकला होता. नामदेवभाऊंनी तो चेहरा बरोबर ओळखला.

"म्हंजे... मी कडी लावली होती!"

म्हाताऱ्यानं सुनेला धरल्या धरल्याच मान डोलावली.

"लावली होती साहेब, पक्की लावली होती! तुम्ही म्हनान तिथं येऊन सांगतो. पन आधी माह्या सुनेले उतरू द्या!"